वरईगडाचा पश्चिम बुरूज

घिवली,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मुलगा विचारत होता म्हणे, मामा मोबाइलवर दोन ओळी का टाकत नाहीत? त्याला सांग, मामांच्या बोटाखाली एका वेळी तीन अक्षरं दाबली जातात. आणि कानांचं तर तुला ठाऊकच आहे. डावा ठार गेला, उजवाही त्याच वाटेवर आहे. परवा नीलेश दारात उभा राहून बोंबलत होता आणि मी आत शांतपणे चहा पीत होतो. तेव्हा पत्रच बरं. त्या निमित्ताने पोस्टमन तरी दाराशी येतो.

आता बातमी. बसून वाच. वरईगडाचा पश्चिम बुरूज पुन्हा उभा राहणार!

नीलेश म्हणजे शेजारच्या वाडीतला, बोईसरला कारखान्यात कामाला जातो तो. त्याने पंधरावीस पोरं जमवली आहेत. रविवारी सुट्टी असली की सगळे पाम गावावरून आत जातात आणि गड चढतात. बुरुजाचे दगड खालच्या घळीत पडलेत ना, ते दोरखंड लावून वर आणायचे आणि जागच्या जागी बसवायचे. परवानगीचे कागद झाले. सिमेंट वापराल तर मी गडावर पाऊल टाकणार नाही असं मी बजावलंय. चुना मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा, जुन्या पद्धतीने. पोरं मला 'सर, सर' करतात. मास्तरकी सुटल्यापासून इतकं कुणी ऐकलं नव्हतं माझं.

गडावरच्या माझ्या पुस्तकाला तू हसतेस, हस. पण चाळीस वर्षं मी त्या गडामागे आहे. पाया बिंबराजाच्या वेळचा, तट सुलतानांनी चढवला, मग फिरंगी आले आणि शेवटी मराठ्यांनी तोफा डागून पश्चिम बुरूज फोडला. आपला मूळपुरुष तिथला गडकरी. त्याचा बुरूज माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला, तर मला दुसरं काही नको. वाडीतल्या चिकूंना यंदा कीड लागली, तिचंही मला काही वाटेनासं झालंय.

दसऱ्याला तोरण घेऊन जाताना यंदा बुरूज पडका नसेल. पाड्यावरच्या जिवलीच्या हाती गडदेवीचा खण, बांगड्या, नारळ देऊन आपण नेहमीसारखे समुद्राकडे तोंड करून उभे राहू आणि तिची हाळी आली की वळू. वळल्यावर समोर अखंड बुरूज! बाबा असते तर रडले असते.

तुझा,
दादा


बडोदा,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

दरवाजा नीट करा. टाकं उपसा. झाडं तोडा, पायऱ्या बसवा, हवं ते करा. पण दादा, बुरुजाला हात लावू नका. माझं एवढं ऐक.

का ते विचारू नकोस. तुझे गुडघे, तुझं वय, उन्हाचा तडाखा, यातलं कुठलंही कारण धरून चाल. जिवलीला विचारलंस का? ती काय म्हणाली ते मला आधी कळव.

चिकूंवर फवारणी करून घे. कीड वाटेनाशी झाली म्हणून जात नाही.

तुझी,
सुलू


घिवली,
८ एप्रिल २०२५

चि. सुलूस,
आशीर्वाद.

गुडघ्यांची काळजी नको. मला पोरं अर्धी वाट धरून नेतात आणि उरलेली वाट मीच त्यांना इतिहास सांगून दमवतो.

बुरूज छातीएवढा झाला. एकेक दगड असा बसतो की हा आपल्या जागी येण्यासाठीच घळीत वाट पाहत पडला होता असं वाटावं. वरून एकीकडे घिवलीचा समुद्र आणि अणुकेंद्राचे घुमट, दुसरीकडे पाड्यावरची राखाडी शेतं. मी तिथे खुर्ची टाकून बसतो. गडकरीच म्हण.

जिवलीचं विचारलंस. ती मागच्या रविवारी वर आली होती. फार वाळली आहे गं. तिची पोरं वीटभट्टीवर गेलीत, नवरा सुका पाय अधू झाल्यापासून घराबाहेर पडत नाही, शेत तिच्या एकटीवर. ती आली, चिंचेखाली बसली, काम बघत राहिली. मी म्हटलं, बघ जिवले, तुझ्या देवीचं घर बांधतोय. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. उन्हं उतरल्यावर जवळ आली आणि माझ्या उजव्या कानाशी ओरडून म्हणाली, "मास्तर, त्ये दगड उतरवा."

मी म्हटलं, "का गं? मजुरी हवी का? तुझ्या सुनांना लावतो कामाला, पोरं वर्गणीतून देतील."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत चुकीचं उत्तर दिल्यासारखं झालं. म्हणाली, "मजुरी नाय मांगत. माजी आय म्हनायची, गडकऱ्याच्या माणसाला हा सांगायचा नाय. तुमी सुलूबायला इचारा. सांगलां तर चालंल, म्हना तिला. आता चालंल." आणि गेली.

तुला काय विचारू? तुमच्या दोघींचं हे काय गुपित आहे? लहानपणी भातुकली खेळत होतात एवढंच मला आठवतं.

दादा


बडोदा,
१७ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न.

तिने मोकळीक दिली म्हणून लिहिते. नाहीतर हे माझ्याबरोबर गेलं असतं.

मी आठनऊ वर्षांची असेन. हट्ट करून दसऱ्याला तुमच्याबरोबर गडावर आले होते. बाबा, काका, तू, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे. माझी रिबीन वाऱ्याने उडाली, ती धरायला मी वळले. आणि पाहिलं.

जिवलीची आई पूजा करत नव्हती. ती बुरुजाचा एक दगड हलवत होती. पहार घालून, दोन्ही हातांनी, दात आवळून. दगड सुटला तसा तिने तो घळीत लोटून दिला. मग त्या पोकळीत आपण दिलेला खण ठेवला, बांगड्या ठेवल्या आणि भिंतीला गाल लावून बसली. रडत होती. मग डोळे पुसून तिने हाळी दिली आणि तुम्ही सगळे वळलात.

मी पाहिलं हे जिवलीने पाहिलं. तीही माझ्याच एवढी. उतरताना तिने मला मागे ओढलं, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. मग सांगितलं.

गड बांधताना तो बुरूज उभा राहत नव्हता. चढवला की ढासळायचा. कुणीतरी सांगितलं, माणूस द्या. पाड्यावरची एक पोर उचलून आणली आणि भिंतीत चिणली. ती जिवलीच्या घरातली. चिणली गडकऱ्याने. आपल्या मूळपुरुषाने, दादा. मग त्याची स्वतःची लेकरं जगेनात, तेव्हा तो पाड्यावर गेला. त्या लोकांनी मागितलं, आमची पोर काढून द्या. गडकऱ्याला आपल्याच हाताने गड फोडता येईना आणि नाही म्हणायचंही धैर्य होईना. तेव्हा ठरलं ते असं. गडकरी म्हणाला, वर्षातून एकदा, दसऱ्याला, तुमच्या माणसाने एक दगड काढायचा. आमचा माणूस तिथे असेल, पण पाठ फिरवून. कारण पाहिलं तर अडवावं लागेल.

खण-बांगड्या गडदेवीच्या नाहीत. त्या पोरीच्या आहेत.

बुरूज तोफांनी पडला नाही, दादा. तिच्या घरच्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या दगडा-दगडाने काढला. आणि तू तो पुन्हा रचतोयस.

मी हे आधी का लिहिलं नाही? शपथ होती हे खरं. पण तुझ्या पुस्तकाच्या तोंडावर कसं फेकावं, हेही होतं.

थांबव काम.

सुलू


घिवली,
४ मे २०२५

चि. सुलूस,

तुझं पत्र वाचलं. असल्या गोष्टी दर गडाला चिकटलेल्या असतात. मी स्वतः पाचसहा गोळा केल्यात. बुरूज आला की त्यात कुणीतरी चिणलेलं असतंच! साठपासष्ट वर्षांपूर्वी एका पोरीने रिबिनीच्या मागे धावताना काय पाहिलं, त्यावर मी चाळीस वर्षांचं काम सोडून देऊ?

बुरूज पूर्ण झाला. एक मे रोजी झेंडा लावला. पेपरात फोटो आला आहे, सोबत कात्रण. मधोमध फेटा बांधलेला म्हातारा मी. नीलेशच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पोरांनी सुट्ट्या घालवल्या, हातांची सालं काढली. त्यांना मी काय सांगायचं होतं?

जिवली आली नाही. निरोप पाठवला होता.

नरहरी


बडोदा,
१५ मे २०२५

ती. दादास,
सा. न.

कात्रण मिळालं. फेटा शोभतो. अभिनंदन.

घळीतले सगळे दगड वर आणलेत ना? एक विचारायचं होतं. तोफेचा एक तरी गोळा सापडला का?

सुलू


घिवली,
१८ सप्टेंबर २०२५

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

चार महिने तुला पत्र नाही. रागावलो होतो. तुझ्यावर, हे म्हणायला सोपं.

गोळा सापडला नाही. एकही नाही. आणि खरं सांगू का, मला ते मार्चमध्येच दिसलं होतं. तोफेने फुटलेला दगड तडकतो, त्याच्या कपच्या उडतात, तो चहूकडे पडतो. आमचे दगड सगळे एकाच घळीत होते, एकावर एक, कडा शाबूत. म्हणूनच तर ते इतके बरोबर बसत होते. मी खुर्चीत बसून त्याचं कौतुक करत होतो. इतिहासाचा मास्तर मी! पोरांना जन्मभर सांगत आलो, आधी पुरावा बघा.

पावसाळाभर खिडकीतून गड दिसायचा. ढग बाजूला झाले की बुरूज पुढे यायचा, धडधाकट. मला त्याच्याकडे बघवेना. पलंगाची दिशा बदलून घेतली.

शेवटी गेल्या आठवड्यात नीलेशच्या मोटारसायकलवर बसून पाड्यावर गेलो. जिवली अंगणात नागली पाखडत होती. सुका उठून उभा राहिला, मला बसायला खाट दिली. मी म्हटलं, सुलूने सगळं लिहिलं. मला माफ कर म्हणायला आलोय. ती सूप बाजूला ठेवून जवळ आली. काय बोलली ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मग तिने पुन्हा कानाशी येऊन सांगितलं.

"आता हातभरच रायला व्हता मास्तर. माज्या हयातीत पोर सुटली असती."

मी रडलो गं. तिच्या अंगणात, नातवंडांसमोर.

म्हटलं, मी उतरवून देतो, पोरांना लावतो. तर मान हलवली. "तसा नाय चालत. आमच्या माणसानीच काढायचा. तुमी पाट करा, मास्तर. तेवढा करा." मी म्हटलं, एकच नको. जेवढे निघतील तेवढे काढ. मी दिवसभर पाठ करून उभा राहीन. तेव्हा हसली. दात नाहीत आता, पण हसली की अजून तुझ्याबरोबर करवंदं चोरणारी ती पोर दिसते.

तर ठरलंय. दोन ऑक्टोबरला दसरा. नीलेशला आणि पोरांना सांगितलंय, यंदा गडावर कुणी यायचं नाही. नीलेशला सगळं सांगितलं. बिचारा म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं, सर. मला दरवाज्यापर्यंत सोडून तो खाली जाईल. त्याचं म्हणणं, पावसाने बुरुजाच्या पायात पाणी शिरलंय, दर्शनी भिंतीला पोट सुटलंय. चुना आतून वाळलाच नसेल. म्हटलं, बरं झालं. तिला तेवढंच सोपं जाईल.

हिरवा खण आणलाय. बांगड्याही हिरव्या. सुलू, या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कळून-सवरून पाठ फिरवणार आहे. मला फार हलकं वाटतंय.

तुझा,
दादा


बडोदा,
२९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी खरा.

तुझं पत्र आज आलं. देवापाशी ठेवलंय. तू माझा दादा आहेस हे मी आज बडोद्याच्या चार जणींना फोन करून सांगितलं, पण का ते सांगितलं नाही.

एकच मनात आलं. पूर्वी बाबा असायचे, काका असायचे, कुणीतरी हाळी ऐकायचं. गेली दोनतीन वर्षं नीलेश तुझ्या खांद्याला हात लावून वळवतो, हे तूच लिहिलं होतंस. यंदा तू एकटा असणार. जिवलीने हाक मारली तर तुला कशी ऐकू येणार? आणि ते पोट सुटल्याचं काय म्हणतोस? भिंतीला पोट सुटलं तर ती पडायला झालेली असते, बायकामाणसाने पहार लावण्याजोगी नसते. नीलेशला खाली पाठवू नकोस. त्यालाही पाठ करून उभं कर, पण बरोबर ने.

पत्र उशिरा पोचेल की काय अशी भीती वाटते, म्हणून तुझ्या मोबाइलवरही फोन केला. वाजत राहिला.

सुलू


घिवली,
९ ऑक्टोबर २०२५

चि. सुलूस,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं.

लिहायचंच आहे, म्हणून लिहितो. नीलेश लिहून देतो म्हणाला होता. नको म्हटलं.

सकाळी दरवाज्याला तोरण बांधलं. नीलेश उतरून गेला. जिवली पहार घेऊन आली होती, नवं लुगडं नेसून. मी खण, बांगड्या, नारळ तिच्या हाती दिले. ती म्हणाली, "फिरा, मास्तर." मी फिरलो.

समुद्र छान दिसत होता. नवापूरच्या होड्या मोजाव्यात असं मनात आलं आणि मोजल्या नाहीत. ऊन पाठीवरून डोक्यावर आलं. एकदा तळपायांना काहीतरी जाणवलं, जड गाडी रस्त्याने गेल्यासारखं. मी मनात म्हटलं, निघाला. एक मोठा निघाला. आणि हसलो, सुलू. मी तिथे उभा राहून हसलो.

मग वाट पाहत राहिलो. वाटलं, ती अजून काढतेय. मीच म्हटलं होतं ना, जेवढे निघतील तेवढे काढ. पाहायचं नाही, पाहिलं तर अडवावं लागेल, हे घोकत राहिलो. घशाला कोरड पडली, तरी वळलो नाही. ऊन समोरून डोळ्यांवर यायला लागलं तेव्हा नीलेश वर आला. त्याने खांद्याला हात लावला नाही. तो माझ्या शेजारून धावत पुढे गेला.

भिंत अख्खी खाली आली होती. जिवली कमरेपासून खाली दगडांत होती. नीलेश म्हणतो, जीव जायला वेळ लागला असेल. मी त्याला विचारलं, तिने हाक मारली असेल का? तो म्हणाला, नाही सर, मारली नसेल. तो खोटं बोलायला लागला की कान खाजवतो. लहानपणापासून.

त्याच पोरांनी धावत येऊन तिला काढलं. त्यांनीच बसवलेले दगड ते उचलत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुकाला चौघांनी उचलून वर आणलं. त्याने तिचं तोंड पुसलं. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं तर त्याने मला उठवलं. "तुमी पाट क्येली व्हती मास्तर. तिनाच सांगितला व्हता. तुमचा काय." बोलला तो एवढंच. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुरूज पायापर्यंत गेला. आत मातीत काचा निघाल्या, हिरव्या, ओंजळी भरभरून. आपल्या घरच्या बांगड्यांच्या, इतक्या वर्षांच्या. आणखी काय होतं ते सुकाने आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी पाहिलं. मी पाठ फिरवून उभा राहिलो. त्यांनी काहीतरी फडक्यात बांधून जिवलीजवळ ठेवलं आणि दोघींना एकत्रच नेलं.

पोर सुटली, असं पाड्यावर म्हणतात.

पुस्तकातलं तोफांचं प्रकरण मी चुलीत घातलं. बाकीचंही घालणार होतो, नीलेशने हातातून काढून घेतलं.

पुढच्या दसऱ्याला बुरूज नसेल, पण मी जाणार. जमलं तर तू ये. आणि येताना खण दोन आण. एक नेहमीचा हिरवा. दुसरा जिवलीचा. तिला रंग कुठला आवडायचा, ते तुलाच ठाऊक असेल.

दादा


बडोदा,
१७ ऑक्टोबर २०२५

दादा,

मी दसऱ्याची वाट पाहत बसणार नाही. दिवाळी झाली की येते आणि तुझ्याजवळच राहते. तुला हाका ऐकायला कुणीतरी हवं.

खणाचं विचारलंस. काल रात्रीपासून तेच आठवतेय. करवंदं तिने मला दिली, शपथ तिने मला घातली, एवढं मोठं गुपित तिने माझ्या पदरात टाकलं. तिला रंग कुठला आवडायचा ते मी कधी विचारलंच नाही.

तू सुकाला विचारून ठेव.

सुलू